डांबराखालची तार

मे महिन्यात नागपुरात लोकरी कोट घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लोक डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, भिंतीच्या सावलीनं चालायचे, आणि हा इसम वाडीच्या नाक्याजवळ, पत्र्याच्या शेडात, कोपरांवर ठिगळं लावलेला खाकी लोकरी कोट घालून बसलेला असायचा. मला आधी वाटलं, उन्हानं डोकं फिरलं असावं. मग कळलं की बॅटरीचं ॲसिड सुती कापड खाऊन टाकतं, लोकरीला तेवढं खात नाही. कारण कळलं तरी हा माणूस शहाणा आहे हे पटायला मला फार दिवस लागले. त्या दिवसांत माझी स्वतःची जी शोभा झाली, ती सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी सांगता येणार नाही.

त्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणत. बॅटऱ्या चार्ज करणं आणि गाड्यांचं वायरिंग पाहणं हा त्यांचा धंदा. वाडीला ट्रान्सपोर्टची गोदामं, त्यामुळे ट्रकांच्या बॅटऱ्यांची त्यांच्याकडे रांग लागलेली. शेडाच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'आपली बॅटरी नेताना नीट ओळखून न्या. आणताना मी ओळखून घेतली आहे.' त्यातला दुसरा भाग वाचून पुष्कळ ड्रायव्हर चिडायचे.

शेडात पाऊल टाकायचं तर आधी खिसे उलटे करून दाखवावे लागत. मग तो ट्रकचा क्लीनर असो की नाक्यावरचा हवालदार. मिस्त्री स्टुलावरून उठायचे नाहीत, हातही लावायचे नाहीत. फक्त हनुवटीनं खूण करायचे. किल्ल्या, बिड्या, रुमाल, जे असेल ते पाहायचे आणि म्हणायचे, "येतानी काय आनलं ते पाह्यलं, का जातानी काय नेलं ते समजते." कोणी रागावून निघून गेला तर त्याला थांबवायचे नाहीत. पण असं फार कमी व्हायचं, कारण चार कोसांत त्यांच्यासारखा कारागीर नव्हता.

त्यांचा संशय माणसांपुरता नव्हता. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी दुकानातून आलं की ते त्याचा एक थेंब काचेवर टाकून उन्हात ठेवत. थेंब वाळल्यावर पांढरा डाग राहिला की तो डबा त्याच पावली परत जायचा, कारण ते नळाचं पाणी. ॲसिड किती दाट आहे ते पाहायच्या काचेच्या नळ्या त्यांच्याकडे दोन होत्या. एकदा मी विचारलं, दोन कशाला? म्हणाले, "एक खोटं बोलली तं दुसरी पकडीन." आणि दोन्ही एकच सांगत असतील तर? "तवा मले जास्त भेव वाटते, बाबू. दोघीयनं आपसात जमवून घेतलं असन." भरवसा होता तो एका बल्बवर. दोन तारा जोडलेला साधा बल्ब, खिळ्याला टांगलेला. "बल्ब पेटते नाईतं नाई पेटत. त्याले मधलं काई येत नाई."

चहाची गंमत तर नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होती. चहा आला की पहिली बशी चहावाल्यालाच प्यावी लागे. चहावाला बिचारा दिवसातून सहा वेळा स्वतःचा चहा पिऊन कंटाळला होता.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची हकिकत मी स्वतः पाहिलेली नाही, पण वाडीत ती इतक्या जणांनी सांगितली आहे की मला ती पाहिल्यासारखीच आहे. वरात खाप्याहून आली. वराकडच्यांनी बोलणी करताना सांगितलं होतं की घरची मोटार आहे. मोटार मांडवापाशी थांबली, वाजंत्री सुरू झाली, बायका ओवाळायला पुढे आल्या, आणि मिस्त्री सरळ जाऊन बॉनेट उघडून उभे राहिले. आत पाहिलं, बॉनेट लावलं आणि व्याह्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहुने, ही बॅटरी मी मागच्या महिन्यात सावनेरच्या एका डॉक्टरले चार्ज करून देल्ली. गाडी मांगून आनली त्याचं काई नाई. पन घरची म्हनू नका." वाजंत्री थांबली. आता लग्न मोडतं, असं सगळ्यांना वाटलं. पण व्याही आधी लालबुंद झाले आणि मग खो खो हसायला लागले. पुढे दोघांचं असं जमलं की पोळ्याला ते खाप्याहून मुद्दाम येत, आणि आल्याबरोबर आपणहून खिसे उलटे करून दाखवत.

मी तेव्हा डोळ्यांची शिबिरं भरवणाऱ्या एका संस्थेत भांडारपाल होतो. औषधांचं गोदाम वाडीला, शेजारीच जीपची शेड. जीप चालवायचा शालिक. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, बोलायला कमी, कामाला खणखणीत. मला 'भाऊ' म्हणायचा. रामटेककडच्या खेड्यांतून म्हातारे-म्हाताऱ्या आणायच्या, ऑपरेशन झालं की डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत घरोघर पोचवायच्या, हे त्याचं काम. उतरताना तो प्रत्येकाचा हात धरून उंबऱ्यापर्यंत जायचा. ते कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर जीपचं इंजिन उतरवून नीट करायचं ठरलं. संस्थेचे सचिवसाहेब निवृत्त मामलेदार. त्यांनी जीप कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात पाठवली. पंधरा दिवसांनी जीप आली ती रंगरंगोटी करून, नवी बॅटरी बसवून. आठव्या दिवशी इंजिन चालू करायचा सेल्फ फिरेना. मनसरच्या पुढे जीप बंद पडली. आत सहा पेशंट पट्ट्या बांधून बसलेले, आणि त्यांचे नातेवाईक खाली उतरून धक्का मारताहेत.

जीप वर्कशॉपात गेली. त्यांनी डायनेमो काढून टेबलावर फिरवून पाहिला, चांगला. बॅटरी चार्ज करून पाहिली, चांगली. जीप परत. दहा दिवसांनी पुन्हा तेच. वर्कशॉपाची हमी चालू असल्यामुळे सचिवसाहेबांचा हुकूम होता की बाहेरच्या कोणी बॉनेटला हात लावायचा नाही. म्हणून मी नुसती बॅटरी काढून सायकलच्या कॅरियरवर बांधली आणि चार्जिंगला मिस्त्रींकडे नेली. शालिक बरोबर होता.

मिस्त्रींनी खिसे पाहिले, बॅटरी पाहिली आणि विचारलं, "गाडी कुठं हाय?"

"गाडी दाखवायची नाही, असा हुकूम आहे," मी म्हणालो.

"मंग हे असं झालं का पोट दुखते मानसाचं अन् इलाजाले आनली त्याची टोपी."

शालिक हसला. तो पाणी प्यायला बाहेरच्या माठाकडे गेला, तेव्हा मी मिस्त्रींच्या जवळ सरकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "हिच्यावर एक खूण करून ठेवा. कोणाला दिसणार नाही अशी."

हे मी का म्हणालो, ते आज सांगायचं तर खरं सांगावं लागेल. वर्कशॉपानं पत्र पाठवलं होतं की गाडीत दोष नाही, बॅटरीची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे. म्हणजे कोणी तरी नवी काढून विकतो आणि जुनी ठेवतो. ते वाचल्याबरोबर सचिवसाहेबांच्या मनात जे नाव आलं तेच माझ्याही मनात आलं. जीपच्या शेडची एक किल्ली शालिककडे होती. दुसरी माझ्याकडे होती. माझ्याबद्दल कोणी विचारलं नाही, मीही मनातल्या मनातसुद्धा विचारलं नाही. शालिकच्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. त्याच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, माझ्या घरी दत्ताची. ऑफिसात या गोष्टीचा कोणी उच्चार करत नसे. पण संशयाला जागा शोधायची वेळ आली तेव्हा तो इकडेतिकडे न पाहता थेट शालिकच्या दारात जाऊन बसला. आज मला याची लाज वाटते.

मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्याच्यासमोर करू का?"

"नको. त्याला कळू देऊ नका."

"तुमचा त्याच्यावर शक हाय."

"तसं नाही. आपली सावधगिरी."

"शक हाय, मंग म्हना ना हाय. मी सकाळपासून चाळीस जनायले तोंडावर म्हनतो." एवढं बोलून ते बॅटरीकडे वळले. त्या काळच्या बॅटऱ्यांवर वरून काळं डांबर ओतलेलं असे. सुरी तापवून त्यांनी तिसऱ्या सेलपाशी डांबर उकरलं, तांब्याच्या तारेचा नखाएवढा तुकडा आत ठेवला आणि वर बोट फिरवून सारखं केलं. मला स्वतःला ती जागा पुन्हा सापडली नसती.

तिसऱ्यांदा जीप बंद पडली तेव्हा वर्कशॉपाच्या फोरमननं बॅटरी पाहून लेखीच दिलं, की ही आम्ही दिलेली नव्हे, ही जुनी आहे. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवसाहेब रिक्षा करून वाडीला आले. शालिकला समोर उभं करून म्हणाले, "राजीनामा दे. मी पोलिसांत जाणार नाही."

वाडीत ड्रायव्हरच्या नावापुढे एकदा चोर लागलं की कोणताही ट्रान्सपोर्टवाला त्याला स्टिअरिंगला हात लावू देत नसे. शालिकचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. पण त्याचा आवाज सरळ होता. "सही करतो साहेब. पन आंधी मिस्त्रीले गाडी पाहू द्या. मंग तुमी म्हनान तिथं अंगठाबी देतो."

सचिवसाहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, पाहू द्यायला हरकत नाही. इतपत धीर मला होता.

आम्ही धक्का मारत जीप मिस्त्रींच्या शेडाशी नेली. दारात मिस्त्रींनी हनुवटी हलवली. सचिवसाहेबांना आधी कळेना, कळलं तेव्हा ते संतापले. "मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाई ना. म्हून तं इचारून राहिलो."

शेवटी त्यांनी खिसे उलटे केले. चष्म्याचं घर निघालं, तपकिरीची डबी निघाली आणि चार घड्या घातलेला कागद निघाला. मिस्त्रींनी पहिल्यांदाच हात पुढे केला, कागद उलगडला आणि सावकाश वाचला. शालिकचा राजीनामा होता, टाइप केलेला, फक्त सहीची जागा मोकळी.

"हे आंधीच लिहून आनलं काय?" त्यांनी विचारलं. सचिवसाहेबांनी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला.

मिस्त्री जीपमध्ये डोकावले. डॅशबोर्डावर, इंजिनापर्यंत तार गेलेलं चोकचं बटण होतं आणि त्याला फडकं गुंडाळून सुतळीनं बांधलेलं होतं. "हे फडकं काहून बांधलं गा?"

सचिवसाहेब लगेच पुढे झाले. "पाहा. काही तरी लपवलंय."

"गरम लागते जी," शालिक म्हणाला. "सेल्फ मारला का चटका बसते."

"कवापासून?"

"इंजिन करून आनलं तवापासून. वर्कशॉपात सांगतलं मी. ते म्हनले, इंजिन तापते म्हून लागते."

"अन् सकाळी? इंजिन थंडं असते तवा?"

शालिकनं क्षणभर विचार केला. "सकाळीच जास्त लागते जी."

त्या दिवशी मिस्त्रींना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यांनी शेडातली चार्ज झालेली दुसरी बॅटरी जोडली, फडकं सोडलं, बॉनेट उघडलं आणि मला चोकच्या तारेवर बोट ठेवायला सांगितलं. शालिकनं सेल्फ दाबला. सेल्फ रडल्यासारखा अर्धा फेरा फिरला आणि माझं बोट भाजलं. तारेच्या कव्हरातून बारीक धूर निघाला.

"करंट घरून निघते तं त्याले घरी वापस यायलेबी रस्ता लागते," मिस्त्री सचिवसाहेबांना सांगू लागले. "इंजिन रबरावर बसलं राह्यते. त्याच्यापासून चासीपर्यंत, म्हंजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, तांब्याची एक पट्टी असते, दोन बोटं रुंद. तोच वापस यायचा रस्ता. यायनं इंजिन उतरवलं तवा पट्टी सोडली, अन् बसवतानी इसरले. मंग करंट बिचारं या चोकच्या तारेतून येऊन राहिलं. एवढ्याशा गल्लीतून सगळी वरात." ते खाली वाकले आणि चासीवरचं एक भोक दाखवलं. पट्टीच्या बोल्टाची जागा. तिच्यावर वर्कशॉपचा नवा, चकचकीत रंग होता.

त्यांनी एका जाड केबलचं टोक इंजिनाला आणि दुसरं चासीला घट्ट धरलं. शालिकनं सेल्फ दाबला. जीप पहिल्या फटक्यात चालू झाली.

मला वाटलं, सुटलो. पण सचिवसाहेब जन्मभर कागद वाचत आलेले. ते म्हणाले, "दोष सापडला हे ठीक आहे. पण बॅटरी बदललेली आहे हे फोरमननं लेखी दिलंय. त्याचं काय?"

"उपाशी ठेवलं तं जवान पोट्टाबी म्हातारा दिसते," मिस्त्री म्हणाले. "दोन महिने पोटभर चार्ज नाई भेटला तिले."

"हे तुमचं म्हणणं झालं. पुरावा?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. मग त्यांनी स्टोव्हवर सुरी तापवली, जीपच्या बॅटरीवर तिसऱ्या सेलपाशी डांबर उकरलं आणि तांब्याचा तुकडा सचिवसाहेबांच्या तळहातावर ठेवला. "हा मी सवा महिन्याआंधी टाकला, तवा बॅटरी नवीकोरी होती, मी पाह्यली. फोरमन म्हनते ते खोटं हाय. बॅटरी तेच हाय."

सचिवसाहेबांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि स्टुलावर ठेवला. मग राजीनाम्याचा कागद पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवला. शालिककडे न पाहता रिक्षा पाहायला बाहेर गेले.

शालिकनं तो तुकडा उचलला. "हे टाकायले कोनं सांगतलं होतं?"

मिस्त्री म्हणाले, "ज्यानं सांगतलं त्यानं बोलाव."

जीपचं इंजिन चालूच होतं. मी म्हणालो, "मीच सांगितलं होतं, शालिक. म्हटलं, उद्या कोणी तुझ्यावर आळ घेतला तर हाताशी पुरावा असावा."

वाक्य इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. शालिक माझ्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "बरं केलं, भाऊ." आणि तुकडा खिशात ठेवला. मिस्त्री पट्टी कापायला बसले. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर एक गोष्ट बदलली. मी शेडात गेलो की मिस्त्री मला खिसे दाखवायला सांगेनासे झाले. पहिल्या खेपेला मी सवयीनं खिशात हात घातला, तर म्हणाले, "राहू द्या." हवालदाराला मिळाला नव्हता तो मान मला मिळाला. मी नाक्यावर चार लोकांना हे सांगितलंसुद्धा. एकदा फुशारकीनं त्यांनाच विचारलं, "आता माझ्यावर संशय नाही वाटतं?"

"शक कवा असते, बाबू? मानसाचं समजत नाई तवा," ते म्हणाले आणि बल्बच्या तारा सोडवत बसले. मला ते कौतुकच वाटलं.

शालिकनं तांब्याचा तुकडा जीपच्या किल्लीच्या कडीत ओवून ठेवला होता. जीपमध्ये त्याच्या शेजारी बसलो की तो डोळ्यांसमोर हलत राहायचा. सात वर्षं मी त्याच्याकडे पाहत प्रवास केला. शालिक मला भाऊ म्हणायचा, घरच्या रताळ्यांचा वानोळा आणून द्यायचा, आणि मला दर वेळी वाटायचं, याला काही कळलं असेल का. त्याच्या प्रत्येक वाक्यात मी दुसरा अर्थ शोधायचो. मिस्त्रींनी दोन नळ्या ठेवल्या होत्या, मला एकच शालिक पुरला.

मग त्याला एसटीत नोकरी लागली. जायच्या दिवशी त्यानं जीपची आणि शेडची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, कडीतला तुकडा तसाच.

"हा तुझा आहे, घेऊन जा," मी म्हणालो.

"राहू द्या भाऊ तुमच्याचपाशी. शेडची दुसरी किल्ली तुमच्यापाशीच असते ना." त्यानं वाकून नमस्कार केला आणि गेला.

संध्याकाळी मी तडक मिस्त्रींकडे गेलो. ते थकले होते, कोट अंगावर ढिला झाला होता. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यासमोर ठेवून मी सगळं सांगितलं. म्हणालो, "मी तेव्हा खोटं बोललो. मला वाटतं त्याला कळलंय. कधी कळलं असेल हो?"

"कवा म्हनजे?" मिस्त्री म्हणाले. "त्याच दिवशी. तो पानी पिऊन आत आला, तुमी सायकल काढाले बाहीर गेलते, तवाच सांगतलं मी त्याले. पाय गा, तुझ्या भाऊले तुझ्यावर शक हाय, मले तार टाकाले लावली. मी कोनाच्या पाठीमांगं काई करत नाई."

म्हणजे राजीनाम्याच्या दिवशी शालिकला ठाऊक होतं. तार आहे हे ठाऊक होतं, म्हणूनच तो मिस्त्रींचं नाव घेऊन अडून बसला होता.

"मग त्यानं त्या दिवशी मला विचारलं कशाला? कोणी सांगितलं म्हणून?"

मिस्त्रींनी किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या.

"तुमाले खिसे उलटे कराचा मोका देऊन राहिला होता, बाबू."

बाहेर ट्रकांची रांग लागली होती. एक क्लीनर बॅटरी घेऊन दारात आला. मिस्त्रींनी त्याला हनुवटीनं खूण केली आणि तो हसत हसत खिसे बाहेर काढू लागला. मी त्याच्या शेजारून निघालो. माझ्या खिशांकडे कोणी पाहिलं नाही.